संघनायक रसेल आणि बोस्टनचा संघ

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळींची सूचना आली, तेव्हा मी आपल्या ज्ञातीच्या पूर्वपीठिकेविषयी काही लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु त्या विषयावर मागील अंकांतून अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याजोगे नवे साधन माझ्यापाशी नाही. म्हणून ह्या खेपेस वाचकांस मी जरा दूर, अमेरिकेतील बोस्टन शहरी, घेऊन जाणार आहे. विषय आहे बास्केटबॉलच्या एका संघाचा आणि त्या संघाच्या नायकाचा.

ज्ञातिसंस्थेच्या अंकात परदेशी खेळाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, आपल्या वार्षिक सभेत एक प्रश्न बहुधा दर वर्षी निघतो. आपल्यात एखादा मोठा माणूस निपजला, तर त्याच्या मोठेपणाने बाकीचे वाढतात की त्याच्या सावलीत खुरटतात? सभेत ह्या प्रश्नाचे उत्तर आवाजाच्या बळावर दिले जाते. खेळाच्या इतिहासाची गोष्ट वेगळी. तेथे जयापजयाची नोंद वर्षवार लिहिलेली असते. एक माणूस संघात येण्यापूर्वी काय होते, तो असताना काय झाले आणि तो गेल्यावर काय झाले, हे पडताळून पाहता येते. अशी पडताळणी करण्यास बिल रसेल आणि बोस्टनचा सेल्टिक्स संघ ह्यांच्याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा खेळ एका शिक्षकाने शोधून काढला, हे सांगताना मला अंमळ अभिमान वाटतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. ह्या संस्थेच्या विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेले असताना मुलांस घरात खेळता यावे, म्हणून १८९१ च्या डिसेंबरात त्यांनी फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर खिळवून हा खेळ मांडला. त्याच संस्थेमार्फत तो आपल्या देशात आला. मुंबईकर वाचकांस नागपाड्याची मैदाने व तेथील खेळाडू ठाऊक असतीलच. प्रत्येक बाजूस पाच गडी असतात. चेंडू वरच्या कड्यातून खाली पडला की गुण मिळतात. कड्यावर किंवा मागच्या फळीवर आपटून तो परत आला, तर जो उंच उडी मारून पकडील त्याचा. ह्या पकडीस रिबाउंड म्हणतात. पुढील हकिगतीत ह्या रिबाउंडचे महत्त्व फार आहे.

अमेरिकेतील धंदेवाईक संघांच्या मुख्य संघटनेस एनबीए म्हणतात. बोस्टनचा संघ १९४६ साली स्थापन झाला. १९५० साली आर्नोल्ड ऊर्फ ‘रेड’ ऑरबॅक हे त्याचे प्रशिक्षक झाले आणि त्याच वर्षी बॉब कूझी हा अत्यंत कुशल खेळाडू संघात आला. कूझीचे चेंडू फेकण्याचे कौशल्य पाहण्यास लोक गर्दी करीत. संघ गुणही भरपूर मिळवी. परंतु १९५६ पर्यंत हा संघ अजिंक्यपद तर सोडाच, अंतिम फेरीपर्यंतदेखील पोहोचला नाही. ऑरबॅक ह्यांनी कारण अचूक ओळखले होते. कड्यावरून परत येणारा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जात होता. चेंडूच हाती नसेल, तर कूझीने तरी काय फेकावे?

नव्या खेळाडूंच्या निवडीत बोस्टनची पाळी उशिरा येणार होती. म्हणून ऑरबॅक ह्यांनी आपला नामांकित खेळाडू एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन हा दुसरा गडी सेंट लुईसच्या संघास देऊन त्या बदल्यात त्यांची दुसऱ्या क्रमांकाची निवड घेतली. तीतून त्यांनी घेतला तो बिल रसेल.

रसेलचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ रोजी लुइझियाना राज्यात झाला. कृष्णवर्णीयांस त्या राज्यात कसे वागविले जाई, ते त्याने बालपणीच पाहिले. एकदा त्याचे वडील मोटारीत पेट्रोल भरून घेण्यास थांबले असता, मागून आलेल्या गोऱ्या गिऱ्हाइकांचे आधी पाहिले जाऊ लागले. ते कंटाळून निघू लागले, तो दुकानवाल्याने बंदूक रोखली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी गेले. तेथे मुलगा बारा वर्षांचा असताना आई वारली. मुलांनी शिकले पाहिजे, हा त्या माउलीचा ध्यास होता. पोरका झालेला हा मुलगा सार्वजनिक वाचनालयात तासन् तास बसू लागला. हैती बेटावरील गुलाम पुढे राजा झाला, त्या आंरी क्रिस्तोफची हकिगत वाचून तो भारावून गेला होता. पुढे त्या राजाच्या जुलमाचे वर्णन वाचल्यावर मात्र त्याचा भ्रमनिरास झाला. नायकाविषयी विचार करण्याची सवय त्यास अशी फार लवकर लागली असावी, असे मला वाटते.

खेळात तो मुलगा सुमारच होता. शाळेच्या संघातून त्यास एकदा वगळलेही होते. पुढे मॅक्क्लायमंड्स हायस्कुलात जॉर्ज पाउल्स नावाचे गोरे प्रशिक्षक होते. त्यांच्यापाशी धाकट्या संघासाठी पंधरा गणवेश होते, आणि रसेल सोळावा. पाउल्स ह्यांनी त्यास घालविले नाही; पंधराव्या मुलाचा गणवेश दोघांनी पाळीपाळीने घालावा, अशी तोड काढली. ज्याने पुढे अकरा अजिंक्यपदे मिळविली, तो असा अर्ध्या गणवेशाचा धनी होता! माझ्यासारख्या शाळामास्तरास ही हकिगत वाचून बरे वाटते आणि थोडी भीतीही वाटते. जागा भरल्या म्हणून आपण किती सोळावे परत पाठविले असतील, कोण जाणे.

पुढे सान फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघातून त्याने १९५५ व १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविले. १९५४ च्या डिसेंबरात हा संघ ओक्लाहोमा सिटी येथे गेला असता तेथील हॉटेलांनी कृष्णवर्णीय खेळाडूंस घेण्याचे नाकारले. तेव्हा गोरे-काळे सर्व गडी मिळून एका रिकाम्या वसतिगृहात राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे हिच्या उलट एक गोष्ट येणार आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रसेलच्या संघाने अंतिम सामन्यात रशियाचा ८९ विरुद्ध ५५ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले आणि त्याच डिसेंबरात तो बोस्टनच्या संघात दाखल झाला.

चार महिन्यांनी, १९५७ च्या एप्रिलात, बोस्टन प्रथमच अजिंक्य झाले. सेंट लुईसविरुद्ध सातवा, निर्णायक सामना दोन जादा डाव खेळून १२५–१२३ असा संपला. पुढच्या वर्षी त्याच संघाकडून बोस्टन हरले. अंतिम फेरीत रसेलच्या घोट्यास दुखापत झाली होती. त्यानंतर १९५९ पासून १९६६ पर्यंत सलग आठ वर्षे बोस्टन अजिंक्य राहिले. पुढे १९६८ आणि १९६९. एकूण तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे. निर्णायक असा सातवा सामना त्याच्या कारकिर्दीत दहा वेळा आला आणि दहाही वेळा बोस्टनने तो जिंकला.

आता प्रश्न असा की हा मनुष्य करीत असे तरी काय? त्याच्या गुणांची सरासरी सामन्यास पंधरा; म्हणजे मध्यम. नेमबाजी बेताची. त्याच्याहून अधिक गुण करणारे गडी त्याच्याच संघात होते. त्याचे काम दुसऱ्या टोकाला असे. सहा फूट दहा इंच उंचीचा हा गडी आपल्या कड्यापाशी उभा राही आणि प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू हवेतच अडवी. पूर्वीचे उंच गडी असा चेंडू जोराने टोलवून मैदानाबाहेर घालवीत. लोक टाळ्या वाजवीत, परंतु चेंडू पुन्हा प्रतिपक्षाकडेच जाई. रसेल तो हलकेच आपल्या गड्याच्या दिशेने वळवी. रिबाउंड पकडला की पाय जमिनीस टेकताक्षणी तो कूझीकडे फेकी, आणि प्रतिपक्ष माघारी वळण्यापूर्वी पलीकडच्या कड्यातून चेंडू खाली पडलेला असे. गुणफलकावर नाव लागे कूझीचे, शरमनचे, हाइन्सनचे. आणखी गंमत अशी की अडविलेल्या चेंडूंची मोजदाद त्या काळी ठेवीतच नसत. ती एनबीएने १९७३ साली सुरू केली. म्हणजे ज्या कामात तो सर्वांत श्रेष्ठ होता, त्याचा आकडाच आज उपलब्ध नाही.

मराठीत ‘गुण’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपल्या गुणगौरव समारंभात आपण गुणपत्रिकेवरील गुण वाचून दाखवितो, कारण ते वाचता येतात. असो.

आणखी एक गोष्ट सहकाऱ्यांनी पुढे वारंवार सांगितली आहे. मागे रसेल उभा आहे हे माहीत असल्यामुळे पुढचे गडी धाडस करीत. प्रतिपक्षाच्या हातातील चेंडू हिसकावण्यास झेप घ्यावी आणि ती चुकली तर प्रतिस्पर्धी सरळ आत घुसावा, हा धोका कोणताही शहाणा गडी सहसा पत्करीत नाही. बोस्टनचे गडी पत्करीत. झेप चुकली की ते नुसती रसेलला हाक देत. एका माणसाच्या असण्याने चार माणसांच्या अंगी धैर्य येते आणि त्या धैर्यातून त्यांचे स्वतःचे कौशल्य उघड होते, हे मला ह्या सर्व हकिगतीतील मर्म वाटते. आणि हा धीर देणारा मनुष्य स्वतः निर्भय होता असेही नव्हे! महत्त्वाच्या सामन्यापूर्वी त्यास इतका ताण येई की त्यास वांती होई. तो आवाज ऐकू आला की सहकारी म्हणत, चला, आज ठीक आहे.

तुलनेसाठी विल्ट चेंबरलेनकडे पाहावे. सात फूट एक इंच उंचीचा, प्रचंड शक्तीचा हा खेळाडू १९५९ पासून रसेलचा प्रतिस्पर्धी. १९६१–६२ च्या हंगामात त्याने सामन्यास सरासरी ५०.४ गुण मिळविले. २ मार्च १९६२ रोजी तर एकाच सामन्यात १०० गुण केले. हे दोन्ही विक्रम अद्याप कोणास मोडता आलेले नाहीत. तथापि त्या वर्षी सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून खेळाडूंनी स्वतः मते देऊन निवडला तो रसेल. आणि अजिंक्यपदही बोस्टनकडेच गेले. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाविरुद्ध त्या वर्षीच्या सातव्या सामन्यात रसेलने ३० गुण व ४० रिबाउंड मिळविले. गरज पडली तर तो गुणही करीत असे, एवढे ह्यावरून दिसते. चेंबरलेनला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तो दुबळ्या संघांत बरीच वर्षे खेळला, आणि दोघांत मैत्रीही होती. रसेल निरिच्छ साधुपुरुष होता असेही कोणी समजू नये. १९६५ साली चेंबरलेनला वर्षास एक लाख डॉलर मिळणार असे जाहीर होताच रसेलने आपल्या करारात एक लाख एक डॉलर लिहून घेतले. आपल्याकडे आहेराच्या रकमेवर एक रुपया ठेवतात, त्यातला हा एक नव्हे!

यशाचे श्रेय एकट्यास द्यावे काय, ही शंका रास्त आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती टाळू नये. कूझी थोर खेळाडू होता. परंतु रसेल येण्यापूर्वीची सहा वर्षे तो होताच, आणि १९६३ साली तो निवृत्त झाल्यावरही संघाने पाच अजिंक्यपदे मिळविली. ऑरबॅक ह्यांची बुद्धी तीक्ष्ण होती. तेही आधीची सहा वर्षे होते, आणि ते बाकावरून उठल्यावर दोन अजिंक्यपदे आली. तेरा वर्षांत भोवतालचे गडी बदलत गेले. आदिअंती राहिला तो रसेल. मात्र कूझी व ऑरबॅक नसते तर रसेलचे काय झाले असते, ह्याचा विचारही केला पाहिजे. धाडस करणारे चार गडी नसतील तर पाठीराख्याचा काय उपयोग? ऑरबॅक ह्यांची थोरवी ह्यात की, तुझ्याकडून गुणांची अपेक्षा नाही, असे त्यांनी रसेलला पहिल्यापासून सांगून टाकले होते.

आता ती उलट गोष्ट. १९६१ च्या ऑक्टोबरात बोस्टनचा संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे गेला. हॉटेलच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय खेळाडूंस वाढण्याचे नाकारले. रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सँडर्स व बटलर ह्या पाच जणांनी न खेळता परतण्याचे ठरविले. ऑरबॅक ह्यांनी मन वळविण्याचा प्रयत्न केला. ते बधेनात, तेव्हा त्यांना विमानतळावर पोहोचविले. प्रतिपक्षाचे कृष्णवर्णीय गडीही खेळले नाहीत. सामना मात्र झाला. दोन्ही संघांचे गोरे खेळाडू तो खेळले. महाविद्यालयात असताना ज्या मनुष्याने सर्व संघ एका छपराखाली राहिलेला पाहिला होता, त्यास हे किती लागले असेल! तरीही त्याच वर्षी, त्याच सहकाऱ्यांच्या पाठीशी तो कड्याखाली उभा राहिला, आणि १९६२ च्या त्या सातव्या सामन्यातील ४० रिबाउंड त्याच सहकाऱ्यांसाठी होते.

बोस्टन शहराशी त्याचे कधी जमले नाही. तो जवळच्या रीडिंग गावी राहत असे. १९६३ साली त्या गावाने त्याचा सत्कार केला. पुढे त्याने त्याच गावातील चांगल्या वस्तीत घर घेण्याचे ठरविले, तेव्हा शेजाऱ्यांनी विरोधाचा अर्ज फिरविला. घर बंद असताना त्यात शिरून लोकांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या, पारितोषिके फोडली आणि बिछान्यात घाण केली. आपण सेल्टिक्ससाठी खेळतो, बोस्टनसाठी नव्हे, असे तो उघड म्हणे. लोकांस स्वाक्षरी देण्याचेही त्याने सोडून दिले. त्यामुळे उद्धट म्हणून त्याची ख्याती झाली. सत्काराचा हार आणि विरोधाचा अर्ज एकाच गावातून येऊ शकतो, हे आपल्या वाचकांस फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. १९६३ साली मिसिसिपीत मेडगर एव्हर्स ह्या कार्यकर्त्याचा खून झाला, तेव्हा रसेल जॅक्सन शहरी गेला आणि धमक्या येत असताना त्याने गोऱ्या-काळ्या मुलांचे एकत्र बास्केटबॉल शिबिर घेतले.

१९६६ च्या एप्रिलात, अंतिम फेरी चालू असतानाच, ऑरबॅक ह्यांनी जाहीर केले की पुढील वर्षापासून संघाचा प्रशिक्षक रसेल असेल आणि तो खेळतही राहील. एनबीएच्या इतिहासातील हा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. वार्ताहरांच्या बैठकीत त्यास विचारण्यात आले, गोऱ्या खेळाडूंशी निःपक्षपातीपणे वागणे तुम्हांस जमेल काय? त्याने होय म्हटले. ह्यापूर्वीच्या गोऱ्या प्रशिक्षकांस असा प्रश्न कोणी विचारला होता की नाही, ह्याची मात्र नोंद आढळत नाही.

हे वाचताना मला आपल्याकडील पालवणकर बंधूंची आठवण झाली. मुंबईच्या क्रिकेट सामन्यांतील हिंदू संघाचे थोर गोलंदाज बाळू पालवणकर चर्मकार समाजातले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात ज्या मंडळींबरोबर ते खेळत, त्या मंडळींनी त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात दिला. संघाचे नायकत्व त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांस १९२३ साली मिळाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदू संघाने युरोपियनांस हरविले. बाळूंच्या नायकत्वाखाली तो संघ काय करता, हे कधीच कळणार नाही. रसेलच्या बाबतीत ते कळले.

प्रशिक्षक म्हणून पहिले वर्ष त्यास कठीण गेले. संघाने साठ सामने जिंकले, परंतु उपान्त्य फेरीत चेंबरलेनच्या फिलाडेल्फिया संघाने त्यांस चार विरुद्ध एक असे हरविले आणि आठ वर्षांची मालिका खंडित झाली. सामन्यानंतर रसेल प्रतिपक्षाच्या खोलीत जाऊन चेंबरलेनचे अभिनंदन करून आला. पुढील वर्षी संघातील जुन्या मंडळींचा सल्ला तो अधिक घेऊ लागला. १९६८ च्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच दोन संघांचा सामना सुन्न मनाने खेळला गेला. बोस्टनने तो जिंकला, पुढचे तीन गमावले आणि मग लागोपाठ तीन जिंकले. तीन विरुद्ध एक असे मागे पडून कोणी मालिका जिंकल्याचे तोवर घडले नव्हते.

शेवटचा हंगाम १९६८–६९. रसेल आता पस्तीस वर्षांचा झालेला, गुडघे दुखत असलेले. संघ आपल्या विभागात चौथा आला. तरी तो अंतिम फेरीस पोहोचला आणि तेथे लेकर्सशी गाठ पडली. लेकर्सकडे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि आता चेंबरलेनही. ५ मे १९६९ रोजी सातवा सामना लॉस एंजेलिसला होता. लेकर्सच्या मालकाने विजय गृहीत धरून छताशी जाळ्यांत हजारो फुगे भरून ठेवले होते, वाजंत्री सज्ज ठेवली होती, आणि समारंभाचा छापील कार्यक्रमही तयार होता. तो कागद रसेलच्या हाती आला. त्याने तो आपल्या गड्यांस वाचून दाखविला. त्याहून निराळे भाषण करण्याची त्यास गरज उरली नाही.

बोस्टनने मोठी आघाडी घेतली. अखेरच्या टप्प्यात ती वितळत गेली. चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला आणि नंतर लेकर्सच्या प्रशिक्षकाने त्यास पुन्हा उतरविले नाही. अखेरीस बोस्टनच्या डॉन नेल्सनने फेकलेला चेंडू कड्याच्या मागच्या बाजूस आपटून सरळ वर उडाला आणि पुन्हा कड्यातच पडला. सामना १०८–१०६ असा बोस्टनने जिंकला. वेस्टने एकट्याने ४२ गुण केले होते. हरूनही मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. रसेलचे गुण सहा, रिबाउंड एकवीस. फुगे जाळ्यांतच राहिले.

येथे एक उणी बाजूही नोंदविली पाहिजे. त्या वर्षी पुढे रसेलने जाहीरपणे म्हटले की, चेंबरलेनने त्या सामन्यातून बाहेर बसावयास नको होते. ह्या बोलण्याने जुनी मैत्री तुटली आणि दोघांत सुमारे वीस वर्षे अबोला राहिला. पुढे रसेलने क्षमा मागितली. १९९९ साली चेंबरलेन वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीस रसेल बोलला.

रसेल निवृत्त झाला, सॅम जोन्सही त्याच वर्षी निवृत्त झाला. बाकीचे बहुतेक गडी तेच होते. पुढच्या हंगामात त्या संघाने ३४ सामने जिंकले आणि ४८ गमावले. १९५० नंतर प्रथमच तो अंतिम स्पर्धेस पात्र ठरला नाही. पुन्हा अजिंक्य होण्यास १९७४ साल उजाडावे लागले. आणि रसेल? तो सिॲटलच्या संघाचा १९७३ पासून चार वर्षे प्रशिक्षक होता. त्या संघास त्याने प्रथमच पात्रता मिळवून दिली, पण त्यापुढे मजल गेली नाही. १९८७–८८ मध्ये सॅक्रामेंटोचा संघ त्याच्या हाती असताना ५८ पैकी १७ सामने जिंकून त्यास पद सोडावे लागले. बाकावरून ओरडून सांगितल्याने जे झाले नाही, ते पूर्वी कड्याखाली उभे राहिल्याने होत होते, असाच ह्याचा अर्थ मी लावतो. वाचकांस दुसरा अर्थ दिसत असेल तर त्यांनी अवश्य कळवावा.

मानसन्मानांची हकिगत थोडक्यात सांगतो. १९७२ साली संघाने त्याचा सहा क्रमांकाचा गणवेश निवृत्त करून छताशी टांगण्याचे ठरविले. प्रेक्षकांसमोर समारंभ नको, असे त्याने सांगितले. म्हणून दारे उघडण्यापूर्वी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, काही जुन्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत तो विधी उरकण्यात आला. पुढे काळ बदलला; १९९९ साली बोस्टनने भरल्या सभागृहात तोच समारंभ पुन्हा केला आणि लोकांनी मिनिटामागून मिनिटे टाळ्या वाजविल्या, तेव्हा ह्या ताठ मनुष्याच्या डोळ्यांत पाणी आले. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी त्यास देशातील सर्वोच्च नागरी पदक दिले. ३१ जुलै २०२२ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो निवर्तला आणि एनबीएने सहा हा क्रमांक सर्वच संघांतून कायमचा निवृत्त केला.

एक सन्मान मात्र त्याने चव्वेचाळीस वर्षे स्वीकारला नव्हता. स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ ह्यांच्या नावाने बास्केटबॉलचे कीर्तिमंदिर आहे. १९७५ साली तेथे रसेलची निवड झाली. तो समारंभास गेला नाही आणि निवडीची अंगठीही त्याने घेतली नाही. आपल्या आधी आलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंस तो मान प्रथम मिळावयास हवा होता, असे त्याचे म्हणणे होते. चक कूपर हा एनबीएच्या संघाने निवडलेला पहिला कृष्णवर्णीय गडी; त्यास १९५० साली घेतले ते बोस्टनच्याच संघाने. कूपर १९८४ साली वारला. २०१९ साली कीर्तिमंदिराने त्याचे नाव दाखल करून घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, घरगुती स्वरूपाच्या एका लहानशा समारंभात, मोजक्या मित्रांसमोर रसेलने आपली अंगठी घेतली.